सात वेळा सहा-चार

या पोरांनो, बसा. तिकडं त्या रोलरवर नका बसू, तापलाय तो, चटका बसंल. हितं लिंबाच्या सावलीला या. एक गोष्ट सांगतो. गोष्ट माझी सोताची हाय, तवा थोडी फुशारकी असनारच. तेवढी सोडून द्या, बाकी समदं खरं.

मी एक जुना फळा हाय. शाळेतला न्हाई बरं का. माझ्यावर कुनी खडूनं लिवत न्हाई अन फडक्यानं पुसत बी न्हाई. देवळाली प्रवराच्या अंगाला कारखान्याची जुनी कॉलनी हाय, तिथं मुरमाचं टेनिस कोर्ट हाय. कोर्टाच्या कडंला पंपाची खोली. त्या खोलीच्या भिताडाला मला टांगलंय. अंगावर बारा हुक, एकाखाली एक. हर हुकाला पत्र्याची पाटी, पाटीवर एकेकाचं नाव. त्यामुळं मला समदी शिडी म्हनत्यात.

त्याच्या आधी मी दार हुतो. उसाच्या गाड्या जिथं वजनाला लागायच्या, त्या काटाघराचं. काटाघर नवं बांधलं तवा मला बंबात घालायला निघाले हुते. भिमाजी सुतार आडवा आला. "अरं, सागवान हाय हे! डोळं फुटलं का तुमचं?" म्हनला. मला खांद्यावर टाकून घरी नेलं, रंधा मारला, हुक बसवलं, गोडेतेलाच्या डब्याचं पत्रं कापून पाट्या केल्या. दार हुतो तवा उसाचं वजन बघितलं, आता मानसांचं बघायला लागलो.

माझा कायदा दोन ओळींचा. खालच्यानं वरच्याला हाक मारायची, दोन पायऱ्यांच्या वर न्हाई. हाक मारली की आठ दिसांच्या आत खेळायचं. खालचा जिंकला तर पाट्यांची अदलाबदल, वरचा जिंकला तर हाय तसं. शिकलेला लागत न्हाई, अडानी बी वाचतो. कोन कुनाच्या वर, बघितलं की कळलं. कॉलनीतली मानसं सकाळी दूध आनायला जाताना वाट वाकडी करून माझ्यापाशी यायची. "कल्याण खाली आला गं बाई!" अशी बोंब आधी माझ्यापाशी उठायची, मग मेडिकलच्या दुकानात कल्याणला कळायचं.

आता खरं सांगायचं तर एक खोट माझ्यात बी हुती. ती सांगितल्याबिगर गोष्ट पुढं जात न्हाई.

विष्णुपंत म्हनून हितं एक हायेत. कारखान्याच्या टाइम ऑफिसात हेडक्लार्क हुते, एकतीस वर्षं हजेरी बघितली. आधी हे कोर्ट साहेब लोकांचं. साहेब गेले, बाभळी उगवल्या. पंतांनी त्या तोडल्या, मुरूम टाकला, अन गावातल्या कुनालाबी हाताला धरून खेळ शिकवला. ड्रायव्हर बघितला न्हाई, सालगडी बघितला न्हाई. तवा पंतांची पाटी एक नंबरला हुती, अन खऱ्यानं हुती.

मग त्यांची एकसष्टी आली. शाल झाली, नारळ झाला, भाषनं झाली. अन भिमाजी सुतार उठला. खिशातनं दोन इंची खिळा काढला अन पंतांची पाटी हुकावरनं उचलून थेट माझ्या छातीत ठोकली. "आता हितनं कुनी काढायची न्हाई!" म्हनला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंत बी हसले. मला लई दुखलं, पर मी गप ऱ्हायलो. एवढ्या मायेनं ठोकलेल्या खिळ्याला न्हाई कसं म्हनायचं?

तवापासनं दहा वर्षं पंतांना लोक हाक मारायचे, खेळायचे, अन हारायचे. पंत एकाहत्तरचे झाले तरी लोक त्यांच्याशी हारायचेच. काय समजायचं ते समजा.

मग मोबाईल आला. नगरला हौशी मानसांची टेनिस लीग निघाली. तिचं समदं मोबाईलवर चालायचं. हर खेळनाऱ्याला एक आकडा. तीनपर्यंतचे एका गटात, चारपर्यंतचे त्याच्या वरच्या. म्हंजे तुकडीला तुकडी भिडावी, पैलवानाफुडं शेंबडं पोरगं उभं ऱ्हाऊ नये. इचार चांगला हुता, मी नावं ठेवनार न्हाई. पर भागवत टेम्पोवाल्यानं माझ्या डोक्यावर एक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोनी कागद चिटकवला अन म्हनला, "आता फळ्याचं काम संपलं." तवा मी मनात म्हनलं, थांब बेट्या. संपलं म्हननारा तू कोन?

आकडा कसा ठरतो? पयल्यांदा ज्याचा त्यानं सांगायचा. एके सकाळी समदी ह्याच लिंबाखाली जमली. भागवतनं मोबाईल पंतांच्या फुडं धरला. "पंत, पयला मान तुमचा. कितीचं खेळनं म्हंजे कोनचा आकडा, ते ह्यात लिवलंय."

पंतांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं. "अडीच म्हणजे हळू आलेला बॉल चार-सहा वेळा परत करता येतो. तीन म्हणजे दिशा साधते, पण जोर पेलत नाही." चष्मा काढला. "भागवत, माझे गुडघे एकाहत्तरचे आहेत. अडीच लिही."

मानूस सरळ, खरं तेच बोलला. घोटाळा पुढं झाला.

भागवतचा आंगठा मोबाईलवर थांबला. "आता पंतांचे अडीच. मग मी माझे तीन कुन्या तोंडानं लिवू?" त्यानं अडीच लिवले. कल्याण म्हनला, "माझं बी अडीचच टाक. पंतांच्या वर बरं दिसत न्हाई." पाठोपाठ समद्यांनी तेच केलं. शेवटाला निकिता. ही डेअरीवर दूध तपासायला असते. कोर्टाला पानी मारनाऱ्या साळूबाईची भाची. नऊ वर्षांची असताना आत्याच्या मागं पाइप धरून आली, पंतांनी हातात रॅकेट दिली, ती आजतागायत सुटली न्हाई. तिचा फोरहँड आला की पंपाच्या खोलीचा पत्रा थरथरतो. माझं अंग थरथरतं, मला ठावं.

"निकिता, तुझं?" भागवतनं इचारलं.

"अडीच," ती म्हनली. "पंतकाकांच्या वर कशी जाऊ?"

बारा मानसं, बारा अडीच. कुनी खोटं बोललं न्हाई, नुसता मान राखला. मी भिताडावर कळवळत हुतो, पर लाकडाचं कोन ऐकतं!

साळूबाई पाइप टाकून आली. "काय गं, ह्यो आकडा वाढतो कसा?"

"आत्या, नुसतं जिंकलं-हारलं बघत न्हाई ते. कुनाशी खेळलीस अन किती गेम घेतलेस ते बघतं. माझ्यापेक्षा लई भारी बाई हाय, तिच्याशी मी सहा-शून्यानं हारायला पायजे, अन हारले सहा-चारनं. तर माझा आकडा वाढतो."

"हारून वाढतो?"

"व्हय. अन हलक्याला रडतखडत हारवलं तर जिंकून बी कमी हुतो."

"मग हे मशीन विलेक्शनला लावा की!" साळूबाई म्हनली. "पडलेला बी खूश, अन निवडून आलेला जिमिनीवर."

समदी हसली. पर पोरांनो, ह्यात एक मेख हाय. डेअरीवर फॅट काढायच्या आधी निकिता दुधाचा कॅन तळापासनं ढवळती. न ढवळता वरचंच दूध घेतलं तर मशीन बिचारं खोटं बोलतं. आमचं कोर्ट म्हंजे न ढवळलेला कॅन हुता. आमी आमच्यातच खेळायचो. बारा अडीच एकमेकाला हारवून हारवून किती हलनार? बाहेरच्या कुनाशी गाठ पडल्याबिगर मोबाईलला कळनार कसं, की हितला अडीच नगरच्या साडेतीनाला भारी हाय? निकिता बाकीच्यांना हारवून इवलीशी वर चढायची, अन पंतांपाशी हारून पुन्यांदा घसरायची. चोवीसाव्या वर्षी, घोड्यागत पळनारी पोरगी. आकडा दोन पॉइंट चार.

भागवतच्या टेम्पोतनं चौघं नगरला गेले, तीनच्या गटात खेळायला. निकितानं पयली मॅच सहा-शून्य, सहा-एक घेतली. दुसरी सहा-एक, सहा-शून्य. तिसरीला तर समोरच्या बाईनं मधीच नेटपाशी येऊन इचारलं, "ताई, तुम्ही खरंच दोन पॉइंट चार आहात का हो?" आमची टीम फायनलला गेली. भागवतनं पेढे आनले, एक माझ्या फळीवर बी ठेवला. मुंग्यांनी खाल्ला.

फायनलच्या आधीच्या रविवारी सकाळी एक पांढरी गाडी आली. लीगचा सेक्रेटरी धवल. नगरचा, वकिलाचा पोरगा, बोलायला मऊ. हातात मोबाईल. पंत, भागवत, निकिता, साळूबाई, समदी माझ्यापाशीच उभी ऱ्हायली.

"तक्रार आलीय," धवल म्हनला. "निकिताताई मुद्दाम हारून आकडा खाली ठेवतात अन खालच्या गटात येऊन ढाल नेतात, अशी. हे सिद्ध झालं तर दोन वर्षं खेळता येणार नाही, अन ॲपवर नावापुढं 'फसवणूक' असा शिक्का कायमचा राहील."

"कुनाच्या बापाची हिंमत हाय फसवनूक म्हनायची?" भागवत उसळला.

"दादा, रागवू नका. हे बघा." त्यानं मोबाईल फिरवला. "तीन मॅचमध्ये ह्यांनी दोन गेम गमावलेत. अन इथं, ह्याच कोर्टावर, विष्णुपंत काकांशी सात वेळा हारल्यात. काकांचं वय एकाहत्तर. ताई, मी इथं खेळाच्या नियमानं विचारतोय. तुम्ही मुद्दाम हारलात का?"

निकितानं वर बघितलं न्हाई. व्हय म्हनली तर तिचा खेळ बंद. न्हाई म्हनली तर धादांत खोटं. अन व्हय म्हनायचं ते पंतांच्या तोंडावर! ज्या मानसानं रॅकेट दिली त्याला सांगायचं, की काका, सात बी वेळा मी तुमाला खेळवलं?

धवलनं वाट काढली. "असं करू. त्या सात दिवशी तुम्ही आजारी होता, एवढं लिहून द्या. मी मिटवतो."

तवा तिनं मान वर केली. "मी एक दीस आजारी नव्हते. खोटं लिवून देनार न्हाई. तुमाला शिक्का मारायचाय ना? मारा. पर दुसरं काय इचारू नका."

"अगं येडे!" साळूबाई म्हनली. "दोन वर्षं जात्याल!"

"जाऊ द्या."

पोरांनो, मी सांगतो, त्या वक्ताला माझा खिळा मला जसा टोचला तसा दहा वर्षांत टोचला नव्हता.

पंतांनी हात फुडं केला. "बघू तो मोबाईल." चष्मा लावला. बोट एका ओळीवरनं दुसऱ्या ओळीवर नेत गेले. "सहा-चार. सहा-चार. सहा-चार." सातव्यांदा सहा-चार म्हनाले अन थांबले.

"धवल, मी एकतीस वर्षं हजेरी तपासली. कधी माणूस दहा मिनिटं उशिरा येतो, कधी पाच मिनिटं लवकर. ज्याची रोज बरोब्बर आठची नोंद, त्याची हजेरी कुणीतरी घरी बसून भरलेली असते. माणसाच्या हातनं सात वेळा तोच आकडा येत नाही." मग निकिताकडं वळले. "एकदा तरी सहा-तीन करायचं होतंस, बाळ. पकडली गेली नसतीस."

निकिताच्या डोळ्यातनं घळाघळा पानी आलं. "काका, तुमाला वाईट वाटंल म्हनून..."

"अन भागवत, तू?"

भागवत चपलेनं माती उकरायला लागला.

"कल्याणसुद्धा?"

"अवो पंत," साळूबाईनं तोंड उघडलं, "समदीच. दहा वर्षं झाली. गावात तुमास्नी सोडून समद्यांना ठावं हाय."

पंत माझ्याकडं बघत ऱ्हायले. बाकीच्या पाट्या हुकाला घासून घासून कडांना चमकत हुत्या. त्यांची एकटीच गंजलेली, खिळ्याभवती तांबडा डाग. मला वाटलं आता हा मानूस घरी जातो अन पुन्यांदा कोर्टावर येत न्हाई.

पर तो पंत हुता. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. "धवल, खुर्चीत बस, स्कोअर लिही. निकिता, रॅकेट घे. अन एक सांगतो. एक जरी बॉल हळू टाकलास, तर मी तुला शिकवलं असं कुठं सांगणार नाही."

"काका, नको..."

"घाबरतेस?"

"मी? म्या कशाला घाबरू!" तिनं दोन्ही हातांनी डोळं पुसलं अन बेसलाइनवर गेली.

पयली सर्व्हिस आली ती पंतांना दिसली बी न्हाई. दुसरी दिसली, पर लागली न्हाई. एक-शून्य, दोन-शून्य, तीन-शून्य. पोरगी दात-ओठ खाऊन मारत हुती, अन दर फटक्याला रडत हुती. चार-शून्य झाल्यावर पंत नेटाला आले, दम खाल्ला. पुढच्या गेमला निकिताची सर्व्हिस परत करताना त्यांनी एक बॉल असा खालनं कापला की तो मुरमावर टप्पा घेऊन उठलाच न्हाई. निकिता धावली, पर रॅकेटला नुसती हवा. पुन्यांदा तसाच कापला. पुन्यांदा. तो गेम पंतांनी घेतला.

खुर्चीतनं धवल वरडला, "चार-एक!"

पंत नेटपाशी गेले. हळूच इचारलं, "हा खरा का?"

"आईशप्पथ खरा!" निकिता म्हनली. "उठलाच न्हाई काका तो बॉल!"

मॅच सहा-एकनं संपली. पंतांनी घाम बी पुसला न्हाई. "भागवत, टेम्पोतली पक्कड आण." पक्कड आली. पंतांनी सोताच्या हातानं माझ्या छातीतला खिळा ओढला. दहा वर्षांचा खिळा, सहज निघंल का? कर्रर्र आवाज झाला. लोकांना वाटलं फळा कण्हला. न्हाई पोरांनो, मी हसलो. पंतांनी एक नंबरच्या हुकाला निकिताची पाटी लावली. मग बाकीच्या एक-एक पायरी वर सरकवल्या अन आपली बाराव्या हुकाला, पार तळाला.

"अवो पंत, एवढ्या खाली कशाला?" कल्याण म्हनला.

"कशाला म्हणजे? इथून चढणार आहे मी. अकरा नंबर कोण आहे?"

अकरावा भागवत निघाला. त्याचं तोंड बघन्यासारखं झालं.

धवलनं मोबाईलवर लीगचे नियम वरनं खाली वाचून काढले. मग म्हनला, "मुद्दाम हारणं झालंय, पण आकड्यासाठी नाही झालं. ह्याला नियमात शब्द नाही." त्यानं फसवनुकीचा शिक्का मारला न्हाई. त्या सात मॅच पुसल्या. निकिताचा आकडा तीन पॉइंट नऊ केला अन तिला वरच्या गटात टाकलं. तीनच्या गटातलं तिचं जिंकलेलं बी पुसलं गेलं.

"म्हंजे ढाल?" भागवतनं इचारलं.

"ढाल गेली, दादा."

"जाऊ द्या ढाल," निकिता म्हनली. "पुढल्या वर्षी वरच्या गटातली आनू. तिला चकाकी जास्त असंल."

अन पंतांचं ऐका. सहा-एकची ती मॅच धवलनं मोबाईलवर चढवली. तीन पॉइंट नऊवालीशी अडीचवाल्यानं सहा-शून्यानं हारायला पायजे हुतं. पंतांनी एक गेम घेतला हुता. आकडा अडीचचा दोन पॉइंट सहा झाला. सात सहा-चार घेऊन जे पंतांना मिळालं नव्हतं, ते एका खऱ्या गेमानं मिळालं. पंत तो मोबाईल घेऊन डेअरी, मेडिकल, टपरी, समदीकडं दाखवून आले. आज ते नवव्या हुकावर हायेत. भागवत बाराव्या.

निकिता वरच्या गटातली पयली मॅच सहा-चार, सहा-चारनं हारली. टेम्पोतनं उतरली ती नाचतच. "हारले! आत्या, खरीखुरी हारले! जीव काढून खेळले अन हारले!" साळूबाईला वाटलं पोरीला ऊन लागलं.

आता मला बगलेला टाकायची भाषा कुनी करत न्हाई. तो ठिपक्यांचा कागद बी माझ्या डोक्यावर हाय, ऱ्हाऊ दे. मोबाईल नगरचं माप सांगतो, मी गल्लीचं सांगतो. दोघांना बी मानसांनी खरं खेळून दाखवावं लागतं. तेवढं केलं न्हाई तर तो बी आंधळा अन मी बी. मला मोडीत काढनारा अजून जलमायचाय, हे मात्र लक्षात ठेवा.

मित्रांनो, एक काम हाय तुमच्याकडं. पंपाच्या खोलीला रंग द्यायचं चाललंय. मला बी खाली उतरवून घासनार, भोकात लांबी भरनार, व्हार्निश मारनार. मारा. हुक गंजलेत, ते बी बदला. पावसाळ्यात माझ्यावर प्लास्टिक टाकत जा, लाकूड हाय, फुगतं. पर एक नंबरच्या हुकाशेजारी दोन इंची खिळ्याचं भोक हाय बघा, तांबड्या डागाचं. रंगारी आला की त्याला एवढं सांगा, मी सांगितलंय म्हनून सांगा, की ते एक भोक बुजवू नको.